आता मला कठीण प्रवाळ नकोत

भारतात घरच्या मत्स्यालयात कठीण प्रवाळ ठेवायला बंदी आहे. ही बंदी अन्यायाची आहे, निदान घरी प्रवाळ वाढवणाऱ्या शौकिनांना तरी तिच्यातून सूट मिळायला हवी, असं मी अनेक वर्षं ठामपणे म्हणत आले. बंगळुरूत समुद्री मत्स्यालयं बाळगणाऱ्या आमच्या ओळखीच्या माणसांत तर हा वाद मी हिरिरीने लढवत असे. आज माझं मत उलटं झालं आहे. बंदी योग्य आहे, ती शौकिनांनाही लागू असलीच पाहिजे, आणि परवानगी मिळाली तरी मी कठीण प्रवाळ घरात आणणार नाही. हे मत एका दिवसात बदललं नाही. ते कसं बदललं, हे सांगायला हवं, कारण माझा जुना युक्तिवाद आजही अनेकजण करतात आणि तो ऐकायला पटणारा आहे.

आधी कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, जुलै २००१ मध्ये समुद्रातले काही जीव घातले गेले. प्रवाळभित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे त्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या, पण प्रवाळांचं संरक्षण कायम राहिलं. पहिल्या अनुसूचीतल्या जिवाबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. प्रवाळ जिवंत आहे की त्याचा नुसता पांढरा सांगाडा उरला आहे, याने फरक पडत नाही. चामड्यासारखे दिसणारे लेदर कोरल, झोआ, मशरूम असे मऊ जीव मात्र या यादीत नाहीत. चुनखडीचा सांगाडा बांधणारे कठीण आणि तो न बांधणारे मऊ, ही आमच्या छंदातली सगळ्यात मोठी सीमारेषा. जगभर या छंदाचं शिखर कठीण प्रवाळांच्या टाकीलाच मानतात. मीही मानत होते. माझा आग्रह कायदा मोडण्याचा कधीच नव्हता, बदलण्याचा होता.

समुद्राची ओढ मला लहानपणापासून. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. माझ्या पिढीतल्या मुंबईच्या मुलांनी समुद्राच्या आतलं जग पहिल्यांदा तिथल्याच काचांमागे पाहिलं. पुढे नोकरीसाठी बंगळुरूला आले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, पूर्वेचा समुद्र दूर, पश्चिमेचाही दूर. इथे घरात समुद्र उभा करायचा तर त्याचा प्रत्येक थेंब आपणच बनवायचा असतो.

दिवाणखान्याच्या भिंतीलगत मी जी टाकी उभी केली ती सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. खालच्या कपाटातल्या जोडटाकीसकट (तिला संप म्हणतात) तिच्यात साधारण १,००० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन सव्वा टनाच्या वर जातं. घरांच्या मजल्याचा हिशेब आपल्याकडे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून करतात. टाकीचा भार तिच्या तळाखालच्या जागेत त्याच्या कितीतरी पट पडतो. म्हणून इमारतीचे नकाशे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, खाली बीम कुठून जातो हे पाहून, टाकी त्याच्या रेषेत ठेवली. मोठी टाकी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिला खर्च या सल्ल्यावर करावा, मासे आणि दिवे नंतर.

मग पाणी. नळाला कावेरीचं पाणी येतं, कमी पडलं की बोअरवेलचं किंवा टँकरचं. त्यातले क्षार, नायट्रेट, क्लोरीन समुद्री जिवांना चालत नाहीत. ते आरओ-डीआय यंत्रातून काढून पाणी पूर्ण कोरं करायचं आणि त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ विरघळवायचं. पहिल्यांदा टाकी भरताना ३५ किलोंहून अधिक मीठ लागलं. खडक मी माणसाने बनवलेले, भट्टीत भाजलेल्या मातीचे घेतले, कारण ‘लाइव्ह रॉक’ म्हणून बाजारात जे मिळतं ते बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचेच तुकडे असतात. त्या कोऱ्या खडकांवर जिवाणू बसेपर्यंत थांबावं लागतं. जिवाणूंचा एक गट माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी, नुसती गुरगुरणारी. या काळात घाई करून मासे आणणाऱ्यांच्या टाकीत मासे मरतात, आणि या छंदातली बहुतेक निराशा तिथेच सुरू होते.

हे सगळं उभं राहिल्यावर मी टाकीचा वरचा, जास्त उजेडाचा आणि जोरदार प्रवाहाचा भाग रिकामा ठेवला. कायदा बदलेल आणि तिथे कठीण प्रवाळ येतील, ही आशा होती. त्या आशेमागचा युक्तिवाद असा होता.

एक, कठीण प्रवाळाचा करंगळीएवढा तुकडा कापून चकतीवर चिकटवला की तो वाढतो. आम्ही त्याला फ्रॅग म्हणतो. फांद्यांचा अक्रोपोरा चांगल्या परिस्थितीत वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकतो. एका टाकीतला तुकडा दुसऱ्या टाकीत गेला तर समुद्राचं काय गेलं? दोन, समुद्र तापतो आहे, भित्ती मरत आहेत. घराघरांत जपलेले प्रवाळ उद्या समुद्रात परत लावता येतील. आमच्या टाक्या म्हणजे बियाण्याची कोठारं. तीन, मुंबईत किनारी रस्त्यासाठी प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवण्याची परवानगी मिळते, मग घरात प्रेमाने वाढवणाऱ्यालाच ती का नसावी? हे तिन्ही मुद्दे मी मनापासून मांडत असे आणि समोरचा बहुधा निरुत्तर होत असे.

पहिला धक्का मला टाकीनेच दिला. कठीण प्रवाळ येणार म्हणून मी पाणी त्यांना लागतं तसं राखू लागले. तापमान २६ अंशांच्या आसपास, क्षारता ३५, अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेटचं माप, ८ ते ९, कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास. मऊ प्रवाळ हे आकडे थोडे हलले तर चालवून घेतात. कठीण प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत ओढून घेत सांगाडा बांधतात, म्हणून ते रोज मोजून परत घालावं लागतं. अल्कलिनिटी एका दिवसात एक-दोन अंकांनी घसरली तरी अक्रोपोराचं मांस सांगाड्यावरून सुटू शकतं. यंत्रं लावून आकडे बरे चालले होते.

मग २०२४ चा उन्हाळा आला. एप्रिल संपता संपता बंगळुरूत पारा ३८ अंशांच्या पुढे गेला. त्याच दिवसांत आमच्या इमारतीचा ट्रान्सफॉर्मर बिघडला. जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. माझ्या इन्व्हर्टरवर पाणी हलवणारा पंप चालला, पाणी थंड ठेवणारा चिलर नाही. संध्याकाळपर्यंत टाकीचं पाणी ३० अंशांवर गेलं, रात्री आणखी चढलं. बर्फ गोठवलेल्या बाटल्या मी आळीपाळीने संपमध्ये सोडत बसले. मऊ प्रवाळ आक्रसून गोळा झाले, झोआंनी तोंडं मिटली, पण वीज आली तसे काही दिवसांत सगळे पुन्हा उघडले. त्या रिकाम्या वरच्या कोपऱ्यात अक्रोपोरा असता तर तो बहुधा वाचला नसता. मी स्वतःला कोठार म्हणवत होते, आणि ते कोठार एका ट्रान्सफॉर्मरवर टेकलेलं होतं.

त्याच्या आधीच्या महिन्यात पाण्याने तेच सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये शहरात पाण्याची टंचाई इतकी वाढली की जलमंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागांना, कारंज्यांना वापरायला मनाई केली आणि ५,००० रुपये दंड लावला. आमच्या इमारतीत टँकरची वाट पाहिली जायची. त्या दिवसांत मी माझा हिशेब केला. उन्हाळ्यात टाकीतून रोज बादलीभर पाण्याची वाफ होते. पाणीबदलासाठी आठवड्याला १०० लिटर कोरं पाणी लागतं, आणि असं एक लिटर मिळवायला आरओ यंत्र साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. बाहेर टाकलेलं पाणी मी फरशीला आणि फ्लशला वापरतेच, तरीही हा वापर माझ्या छंदाचा आहे, गरजेचा नाही. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून या शहरात आणावं लागतं. कठीण प्रवाळांची टाकी याहून जास्त पाणी, जास्त वीज, जास्त उजेड मागते. टंचाईच्या दिवसांत मी पाणीबदल अर्ध्यावर आणला. मऊ प्रवाळांनी ते सोसलं. कठीण प्रवाळांना सोसलं असतं, असं मी म्हणू शकत नाही.

तरी हे माझ्या घरापुरतं झालं. ज्याच्याकडे पुरेसा पैसा आणि दोन जनरेटर आहेत त्याला ते लागू होत नाही. माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते एका दुकानात.

समुद्री मासे बंगळुरूत बहुतेक चेन्नईकडून येतात. चेन्नईचं कोलत्तूर हा शोभेच्या माशांचा देशातला मोठा बाजार. तिथल्या एका दुकानदाराने मला आतल्या खोलीत नेऊन निळ्या दिव्याखाली अक्रोपोराची फांदी दाखवली. “मॅडम, हे टँकमध्येच वाढवलेलं आहे, समुद्रातलं नाही,” तो म्हणाला. चकतीवर नीट चिकटवलेला तुकडा होता, बुडाशी नवं मांस चकतीवर पसरलेलं होतं. दिसायला घरीच वाढलेला. मी तो हातात न घेता भिंगाने पाहिला. फांदीच्या जुन्या भागावर चुनखडीच्या बारीक नळ्या होत्या, सांगाडा पोखरणाऱ्या स्पंजाची भोकं होती. तुकडा समुद्रात बरीच वर्षं वाढल्याच्या या खुणा. मी विचारलं, कुणाच्या टाकीतलं? त्याने आधी एक गाव सांगितलं, मग दुसरं, मग म्हणाला, “ते नक्की सांगता येणार नाही.” मी घेतलं नाही, पण रात्रभर तोच विचार डोक्यात होता.

समुद्रातून तोडलेली फांदी चकतीवर चिकटवली तर काही आठवड्यांत तिचं मांस चकतीवर पसरतं. त्यानंतर ती टाकीत वाढलेल्या फांदीपेक्षा वेगळी ओळखू येत नाही. जुन्या खुणा असलेला भाग कापून टाकला की माझ्या भिंगालाही ती सापडली नसती. आता विमानतळावरचा कस्टम्सचा माणूस किंवा वनखात्याचा रक्षक काय करणार? कायद्याने ‘घरी वाढवलेलं चालेल’ असं एक दार उघडलं, तर समुद्रातून तोडलेली प्रत्येक फांदी त्याच दारातून येईल आणि प्रत्येक विक्रेता तेच वाक्य म्हणेल. आंतरराष्ट्रीय व्यापारात हे कोडं सुटता सुटत नाही. इंडोनेशिया हा जिवंत प्रवाळांचा मोठा निर्यातदार. तिथे २०१८ मध्ये निर्यात थांबवली गेली आणि काही काळाने पुन्हा सुरू झाली. जिथे समुद्रातच प्रवाळांची शेती आहे, परवाने आहेत, कोटे आहेत, तिथेही शेतातला कोणता आणि भित्तीवरचा कोणता हा प्रश्न राहतोच. माझा पहिला मुद्दा, फ्रॅगने समुद्राचं काही जात नाही हा, माझ्या एकटीच्या टाकीपुरता खरा होता. कायदा माझ्या एकटीसाठी नसतो. खरं आणि खोटं ज्या बाजारात डोळ्यांनी वेगळं करता येत नाही, तिथे सरसकट मनाई हाच प्रामाणिक नियम आहे.

मग कायदा जिवंत आणि मेलेल्या प्रवाळात भेद का करत नाही, हेही मला कळलं. तामिळनाडूत रामेश्वरम ते तुतुकुडी या पट्ट्यात मन्नारच्या आखातात २१ बेटांची साखळी होती. १९८६ मध्ये तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले प्रवाळ चुन्यासाठी, बांधकामासाठी, कारखान्यांसाठी खणून नेले जात होते. बेटांभोवतीची भित्ती गेली की लाटा थेट बेटावर आदळतात. त्या साखळीतली दोन बेटं पाण्याखाली गेली आणि त्यामागचं एक कारण हे खणणं होतं. देवळांच्या आणि पर्यटनाच्या गावांत पांढऱ्या प्रवाळाचे झुपके शोभेसाठी विकले जात, तो याच व्यवहाराचा लहान तुकडा. मेलेला सांगाडा विकायला मोकळीक दिली की जिवंत प्रवाळ मारून सांगाडा करण्याला दाम मिळतो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. मी, टाकीतल्या आकड्यांत गुंतलेली, ते पाहत नव्हते.

दुसरा मुद्दा बियाण्याच्या कोठारांचा. तो सोडताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण त्यात माझा अभिमान होता. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर प्रवाळ पांढरे पडण्याचा हा चौथा मोठा काळ आहे. लक्षद्वीपच्या समुद्रात २०२३ च्या ऑक्टोबरपासून उष्णतेची लाट होती, आणि २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडल्याचं सांगितलं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या शरीरातलं शेवाळ बाहेर टाकतो. त्याचा रंग आणि बहुतेक अन्न त्या शेवाळाचंच. लक्षद्वीपच्या भित्तींवर १९९८ पासून लक्ष ठेवून असलेल्या म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासात जिवंत प्रवाळांचं आच्छादन २४ वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. म्हणजे जवळजवळ निम्मं.

यावर माझी टाकी उपाय कशी असेल? समुद्रात प्रवाळ परत लावायचे तर तो कोणत्या भित्तीवरचा, कोणत्या जातीचा, कोणत्या आईबापांचा हे माहीत हवं. माझ्यासारख्यांच्या टाक्यांत इंडोनेशियातला, अंदमानातला, कुठला कुठला जीव एकाच पाण्यात असतो, सोबत त्यांचे रोग आणि परजीवी. अशा पाण्यातला तुकडा कुणी शहाणा माणूस भित्तीवर लावणार नाही. आणि लावला तरी ज्या गरम पाण्याने पहिला मेला त्यानेच दुसराही मरेल. भित्तींना तुकडे कमी पडलेले नाहीत, थंड पाणी कमी पडलं आहे.

शौकिनांचं श्रेय मी नाकारत नाही. तुकडे कापून वाढवण्याचं, पाण्याचं रसायन सांभाळण्याचं बरंचसं व्यवहारज्ञान घरगुती टाक्यांतूनच आलं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने टाकीत चंद्राची आणि ऋतूंची नक्कल करून प्रवाळांना बीज सोडायला लावलं. २०१९ मध्ये फ्लोरिडा मत्स्यालयात स्तंभप्रवाळाचं प्रयोगशाळेत प्रजनन झालं. आपल्याकडे २०२० मध्ये गुजरातच्या मिठापूरजवळ भारतीय प्राणी सर्वेक्षणाने वनखात्याबरोबर प्रवाळ पुन्हा वाढवण्याचा, बायोरॉक नावाचा प्रयोग केला. पण या प्रत्येक ठिकाणी परवाना आहे, प्रत्येक तुकड्याची नोंद आहे, माणूस गेला तरी काम पुढे चालवणारी संस्था आहे. ते घरातून होणारं काम नाही. ज्ञान द्यायला माझी हरकत नाही. त्यासाठी प्रवाळ माझ्या मालकीचा असायला लागत नाही.

तिसरा मुद्दा रस्त्याचा. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ लहान वसाहती सापडल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या २०२० मध्ये दुसरीकडे हलवल्या. सरकारला चालतं, मला नाही, असा अर्थ मी त्यातून काढत असे. आता मला त्यात दुसरं दिसतं. हजारो कोटींच्या रस्त्यालाही त्या १८ वसाहतींसाठी थांबून परवानगी घ्यावी लागली, शास्त्रज्ञ आणावे लागले, नंतर त्या जगल्या का ते पाहावं लागलं. रस्ता योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण शौकिनांसाठी कायदा सैल करा म्हणणाऱ्या मला कळलं पाहिजे होतं की तो सैल झाला तर पहिला फायदा माझ्यासारखीचा होणार नाही, कंत्राटदारांचा होईल.

मालवणला जाणं झालं तेव्हा हे मत पक्कं झालं. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर स्नॉर्केलिंग करताना पाण्यात प्रवाळांचे ताटाएवढे पसरलेले पट्टे दिसले, करडे, पिवळट, गाळाने झाकलेले. निळ्या दिव्याखालच्या रंगांशी त्यांची तुलनाच नाही. मी अंमळ जवळ गेले तशी आमच्या बरोबरचा पोरसवदा मार्गदर्शक वर आल्यावर म्हणाला, “हात लावू नको हां ताई, जितां असा तां.” त्याच्या घरात पूर्वी मासेमारी, आता पर्यटक. तो खडक जिवंत राहिला तर त्याचं पोट चालणार आहे. प्रवाळावर खरा हक्क कुणाचा असेल तर त्याचा, त्याच्या गावाचा. बंगळुरूतल्या माझ्या दिवाणखान्याचा नाही.

मग मी टाकी मोडली का? नाही. मोडायचं कारणही नाही. त्या रिकाम्या वरच्या कोपऱ्यात आता झेनिया आहे. तिची प्रत्येक मूठ दिवसभर उघडझाप करत असते. मधल्या खडकावर चामडी प्रवाळ आहे, तो अधूनमधून आठवडाभर मिटून बसतो, अंगावरची मेणचट साल टाकतो आणि पुन्हा उघडतो. क्लाउनफिशची जोडी त्याच्याच झालरीत झोपते. ती हॅचरीत जन्मलेली आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. नर अंड्यांना पंखांनी वारा घालतो आणि साधारण आठवड्याने, अंधार पडल्यावर, पिल्लं बाहेर येतात. हे सगळं माझ्या खुर्चीतून पाहायला मिळालं आहे. टाकीत पाहण्यासारखं काही कमी पडलं असं मला वाटत नाही. चिलर मी आता २७ अंशांवर लावते, दिवे कमी तास चालतात, पाणीबदल निम्म्याने कमी झाला आहे, आणि टाकीची प्रकृती आधीपेक्षा बरी आहे.

सरकारकडे माझी मागणी आता वेगळी आहे. कायदा सैल करू नका, हॅचऱ्या वाढवा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन कधीच साध्य केलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्त्रिया शोभेच्या समुद्री कोळंबीची पैदास करायला शिकल्या आहेत. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत असा जोडधंदा उभा राहिला, आणि दुकानात प्रत्येक माशाबरोबर तो कुठल्या हॅचरीत जन्मला याचा दाखला मिळू लागला, तर आमच्या छंदाचा पैसा समुद्र ओरबाडणाऱ्याऐवजी समुद्राकाठच्या माणसाला मिळेल.

आणि जे नव्याने ही टाकी घ्यायला निघाले आहेत, बंगळुरूत, पुण्यात, कुठेही, त्यांना माझं सांगणं. आधी मजल्याचा भार तपासा, मग पाण्याचा आणि विजेचा हिशेब करा. टाकीचं चक्र बसेपर्यंत थांबा. हॅचरीत जन्मलेले मासे मागा, मिळेपर्यंत वाट पाहा. क्लाउनफिश २० वर्षांहून अधिक जगू शकतो, तेव्हा घाईचं काही नाही. ब्लू टँगसारखे मोठे फिरणारे, बहुतांशी समुद्रातूनच पकडलेले मासे घेऊ नका. समुद्रघोडा घेऊ नका. आणि कुणी आतल्या खोलीत नेऊन निळ्या दिव्याखाली कठीण प्रवाळाची फांदी दाखवली, ती टाकीतलीच आहे असं शपथेवर सांगितलं, तरी रिकाम्या हाताने परत या.